खंडाचा भाव आणि गावातली कृषी सेवा : समजून घेऊया एका एकराचा हिशोब



गणिताच्या पुस्तकात नफा-तोटा असतो, भूगोलात शेतीचे प्रकार असतात आणि नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत असते. पण गावातल्या कितीतरी घरांचं वर्षाचं बजेट ज्या एका आकड्यावर उभं असतं, तो आकडा कुठल्याच धड्यात सापडत नाही. तो आकडा म्हणजे शेतजमिनीचा खंड, म्हणजे दुसऱ्याची जमीन एक वर्ष कसण्यासाठी दिलेलं भाडं. आपल्या वर्गातल्या अनेक मुलांचे आईवडील स्वतःच्या दोन एकरांसोबत दुसऱ्याचे चार एकर कसतात. काहींकडे स्वतःची गुंठाभरही जमीन नसते. उलट काही पालकांची जमीन गावाकडे असते, ते शहरात नोकरी करतात आणि ती कुणालातरी ‘करायला’ दिलेली असते. म्हणजे हा विषय दोन्ही बाजूंच्या घरांचा आहे.

खंड कसा ठरतो, तो तोंडीच का ठरतो, आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायला सरकारने उभी केलेली कृषी विस्तार सेवा या खंडकऱ्यापर्यंत का पोचत नाही, हे या लेखात क्रमाने पाहू. शेवटी वर्गात घेता येतील असे उपक्रमही दिले आहेत.

१. आधी शब्द समजून घेऊ

एकाच व्यवहाराला आपल्याकडे वेगवेगळी नावं आहेत. पश्चिम महाराष्ट्रात ‘खंडाने’ आणि ‘अर्धलीने’ म्हणतात. मराठवाड्यात ‘बटाईने’ हा शब्द जास्त चालतो. विदर्भात ‘ठेक्याने’ किंवा ‘मक्त्याने’ जमीन घेतली असं ऐकू येतं. शब्द कुठलाही असो, मुळात प्रकार दोनच.

पहिला प्रकार रोख खंडाचा. एकरी ठरावीक रक्कम मालकाला द्यायची. पीक आलं काय, बुडालं काय, रक्कम तीच.

दुसरा प्रकार वाट्याचा. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा मालकाचा. बियाणं-खत कोणी घालायचं यावर हिस्सा बदलतो. खर्च निम्मा-निम्मा असेल तर माल निम्मा-निम्मा, हा सगळ्यात ओळखीचा प्रकार.

हे व्यवहार बहुतेक गावांत पाडव्याच्या आसपास ठरतात. सालगड्याचं साल जसं पाडव्याला बदलतं, तशीच जमीनही त्या सुमारास हात बदलते. नांगरट उन्हाळ्यात व्हायची असते, म्हणून त्याआधी सौदा पक्का लागतो.

२. एका एकराचा हिशोब

आता पाटी-पेन्सिल घेऊ. कोरडवाहू सोयाबीनचा एक एकर धरू. खालचे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत. आपल्या गावचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करायचा आहे.

नांगरट, पाळी : २,८०० रुपये
बियाणं, ३० किलो : ३,०००
पेरणी : ८००
खत : २,८००
तणनाशक आणि फवारण्या : ४,०००
खुरपणी : २,५००
काढणी : ३,५००
मळणी, क्विंटलला २०० रुपये : १,६००
वाहतूक, बारदाना : १,०००

आठ क्विंटल माल निघाला तर एकूण खर्च २२,००० रुपये. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही, हे लक्षात ठेवा. भाव क्विंटलला ४,५०० मिळाला तर उत्पन्न ३६,००० आणि शिल्लक १४,०००.

आता खंड वजा करू. खंड १५,००० ठरला असेल तर वर्षभर राबून १,००० रुपये तोटा. खंड १०,००० असेल तर हातात ४,०००. म्हणजे घरातल्या दोन माणसांची चार महिन्यांची मजुरी चार हजार रुपये!

पण शेतीत सगळी वर्षं सारखी नसतात. म्हणून तीन वर्षं धरू. पहिलं वर्ष वाईट, ५ क्विंटल. दुसरं बरं, ८ क्विंटल. तिसरं चांगलं, १० क्विंटल. भाव तोच ठेवू, मळणीचा खर्च तेवढा मालाप्रमाणे बदलू.

वाईट वर्ष : उत्पन्न २२,५००, खर्च २१,४००, शिल्लक १,१००
बरं वर्ष : उत्पन्न ३६,०००, खर्च २२,०००, शिल्लक १४,०००
चांगलं वर्ष : उत्पन्न ४५,०००, खर्च २२,४००, शिल्लक २२,६००

तीन वर्षांची मिळून शिल्लक ३७,७००. ती दोन पद्धतींनी कशी वाटली जाते ते पाहा.

रोख खंड १०,००० असेल तर मालकाला तीन वर्षांत ३०,००० मिळतात. कसणाऱ्याला पहिल्या वर्षी ८,९०० तोटा, दुसऱ्या वर्षी ४,००० फायदा, तिसऱ्या वर्षी १२,६०० फायदा, म्हणजे एकूण ७,७००.

निम्मा खर्च, निम्मा माल असेल तर दोघांना तीन वर्षांत १८,८५० रुपये मिळतात. वाईट वर्षी दोघांनाही ५५० रुपयेच.

म्हणजे रोख खंडात जमिनीच्या भाड्यासोबत पावसाची सगळी जोखीमही कसणाऱ्याच्या अंगावर येते. वाट्याच्या पद्धतीत ती जोखीम दोघांत वाटली जाते. म्हणून ‘खंड स्वस्त की बटाई स्वस्त’ हा प्रश्न एका वर्षाच्या आकड्यावरून सोडवता येत नाही. वाईट वर्ष पहिलंच आलं तर तो माणूस चांगल्या वर्षापर्यंत टिकतो का, हा खरा प्रश्न आहे.

अजून एक गोष्ट हिशोबात सुटते. खंड पाडव्याला आगाऊ द्यायचा आणि माल निघणार दिवाळीच्या सुमारास. त्या दहा हजारांसाठी कोणाकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर व्याज २,४०० रुपये. म्हणजे खंड दहा हजार नव्हे, १२,४०० पडला. आगाऊ आठ हजार आणि सुगीनंतर दहा हजार, यात कसणाऱ्याला कुठला सौदा परवडेल? व्याज मोजून पाहा, सरळव्याजाचा धडा मुलांना यापेक्षा चांगला समजणार नाही.

३. खंड कमी-जास्त का होतो?

एकाच गावात एका शेताचा खंड दुसऱ्याच्या दुप्पट असतो. त्याची कारणं मुलांना विचारली तर ती पटापट सांगतात, कारण ती त्यांनी घरात ऐकलेली असतात.

पाणी : विहीर आहे का, ती मार्चपर्यंत टिकते का, कालव्याची पाळी मिळते का. एका पिकाची जमीन आणि दोन पिकांची जमीन यांचा खंड सारखा असूच शकत नाही.

माती : भारी काळी, मध्यम, की मुरमाड. हलक्या जमिनीत पावसाचा थोडा खंड पडला की पीक माना टाकतं. (इथे ‘खंड’ या शब्दाचा दुसरा अर्थ मुलांना दाखवता येईल!)

वाट : शेतापर्यंत ट्रॅक्टर जातो का? पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागत असेल तर मळणीयंत्र नेताना रडकुंडीला येतं.

वीज : पंपाला जोडणी आहे का, बिल कोण भरणार.

रानडुकरं, हरणं, रोही : डोंगराकडच्या आणि जंगलालगतच्या शेताला खंड कमीच येतो. रात्री राखणीला कोण जाणार?

पोटखराबा : यावर थोडं थांबू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि सौदा एकरात होतो. समजा, सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. लोक त्याला ‘तीन एकर’ म्हणतात. पण त्यात १० आर पोटखराबा आहे, म्हणजे नाला, खडक, पेरता न येणारा तुकडा. लागवडीलायक उरले ११० आर, म्हणजे साधारण २ एकर २९ गुंठे. एकरी १०,००० प्रमाणे तीन एकरांचे ३०,००० होतात आणि खऱ्या पेरणीच्या क्षेत्राचे सुमारे २७,२००. फरक २,८०० रुपयांचा. सातबारा न वाचता सौदा केला तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

अलीकडे खंडाला एक नवा स्पर्धकही आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पासाठी खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवलेली आहे. एकरी ते साधारण ५०,००० पडतं. ही जमीन वीज उपकेंद्राच्या जवळपासची लागते, त्यामुळे ती सगळ्यांना लागू नाही. पण जिथे लागू आहे तिथे मालकाच्या मनातला भाव बदलतो आणि वर्षानुवर्षं ती जमीन कसणाऱ्याला दुसरी शोधावी लागते.

४. हे सगळं तोंडी का?

दुकानाचा गाळा भाड्याने देताना आपण कागद करतो. लाखाच्या पिकाचा सौदा मात्र बांधावर उभ्या-उभ्या होतो. याचं कारण इतिहासात आहे.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली आला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेली कुळं, काही अपवाद वगळता, त्या जमिनीची मालक मानली गेली. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू होता. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व होतं आणि त्यातून पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या लाखो कुटुंबांच्या नावावर जमीन आली. ही फार मोठी सामाजिक घटना होती, ती मुलांना सांगायलाच हवी.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजू आज दिसते. मालकाच्या कुटुंबातला नसलेला आणि पगारी गडी नसलेला माणूस कायदेशीरपणे दुसऱ्याची जमीन कसत असेल, तर तो कूळ ठरू शकतो. रोख किंवा धान्याच्या रूपात मजुरी घेणारा सालगडी कूळ ठरत नाही, पण पिकात वाटा घेणारा ठरू शकतो. कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही खरेदीच्या हक्काची वाट कायद्यात आहे. त्यामुळे ‘कागद केला तर कूळ लागेल’ ही मालकाची भीती अगदीच हवेतली नाही. मग मालक काय करतो? कागद करत नाही आणि दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो. कसणाऱ्याच्या संरक्षणासाठी आलेल्या कायद्याच्या भीतीने आजच्या कसणाऱ्याचं नावच कुठे येत नाही, अशी ही उलटी स्थिती आहे.

यावर उपाय म्हणून नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार केला. मालकी मालकाचीच राहील याची हमी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा मिळेल याची सोय, अशी त्याची रचना आहे. आंध्र प्रदेशने २०११ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये कायदे करून जमीन कसणाऱ्यांना ओळखीचं कार्ड देण्याचा मार्ग काढला.

५. नाव नसलं की काय-काय अडतं?

पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. राज्याची २०२३ पासूनची नमो शेतकरी महासन्मान निधी योजनाही त्यालाच जोडलेली आहे. खंडाने कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला यातलं काहीच नाही.

ठिबक, शेततळं, औजारं यांसारख्या योजनांच्या अर्जाला सातबारा लागतो.

पीक विम्यात खंडकरी आणि वाटेकरी यांना भाग घेता येतो. पण आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. तोंडी सौदा किंवा साधा स्टॅम्प पेपर तिथे चालत नाही. मग विमा मालकाच्या नावाने निघतो किंवा निघतच नाही. भरपाई आली तर ती कोणाची, यावरून भांडण. विम्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत असतो. तो कोणी भरायचा हेही आधी बोलून घेतलं पाहिजे.

अतिवृष्टीचा पंचनामा झाला की मदत सहसा खातेदाराच्या खात्यात जाते. वर आपण पाहिलं की रोख खंडात वाईट वर्षाचा तोटा पूर्ण कसणाऱ्याचा असतो. म्हणजे तोटा एकाचा आणि भरपाई दुसऱ्याची. बरेच मालक ती प्रामाणिकपणे देतात, अर्धी तरी देतात. पण ते त्यांच्या मनावर आहे, कसणाऱ्याच्या हक्कावर नाही.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतातल्या पिकाची नोंद मोबाइलवरून खातेदाराच्या नावे होते. मालक पुण्याला आणि पीक वाशिमला असेल तर ही नोंद कोण करणार, हेही ठरवून ठेवावं लागतं. नोंदच राहिली तर विमा आणि मदत दोन्हींत अडचण येते.

कर्जाची एक वाट मात्र उघडी आहे. नाबार्डच्या संयुक्त देयता गटांच्या योजनेत ४ ते १० जण एकत्र येऊन, एकमेकांची हमी घेऊन, जमीन तारण न ठेवता बँकेकडून कर्ज मागू शकतात. खंडकरी आणि वाटेकरी यांच्यासाठीच ती सोय आहे. गावात ती माहीत असलेले लोक फार थोडे भेटतात.

६. कृषी विस्तार सेवा म्हणजे कोण?

‘कृषी विस्तार’ हा शब्द जड आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर विद्यापीठात शोधलेलं ज्ञान शेताच्या बांधावर नेणारी आणि बांधावरचे प्रश्न विद्यापीठाकडे नेणारी माणसं.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावपातळीवर ग्रामसेवक आला. पुढे राज्यात चार कृषी विद्यापीठं झाली : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. १९७४ साली देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र पुद्दुचेरीत उभं राहिलं आणि आज अशी केंद्रं आपल्या प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात आहेत. बारामती, नारायणगाव, बाभळेश्वर, खरपुडी ही नावं तुम्ही ऐकली असतील.

गावाशी रोजचा संबंध येतो तो कृषी सहायकाचा. २०२५ मध्ये या पदाचं नाव ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं, पण लोकांच्या तोंडी अजून ‘कृषी सहायक’च आहे. त्यांच्यावर मंडळ कृषी अधिकारी आणि मग तालुका कृषी अधिकारी. शिवाय जिल्ह्यात ‘आत्मा’ यंत्रणा आहे, ती शेतकरी गट, शेतीशाळा आणि सहली पाहते. फोनवर सल्ला हवा तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक २००४ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता या सेवेचा आणि खंडाचा संबंध काय? पुन्हा आपल्या एकराकडे जाऊ. दहा हजार खंड देऊन बऱ्या वर्षी कसणाऱ्याच्या हातात ४,००० राहिले होते.

कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. घाई केली आणि दुबार पेरणी करावी लागली तर बियाण्याचे ३,००० आणि पेरणीचे ८०० पुन्हा गेले. म्हणजे ३,८००. कसणाऱ्याचा वर्षाचा जवळजवळ सगळा फायदा त्यात गेला!

कृषी विभाग सांगतो, घरचं चांगलं सोयाबीन बियाणं म्हणून वापरा, पण आधी उगवण तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. घरचं बियाणं किलोला ५० रुपये धरलं तर ३,००० ऐवजी १,५०० लागतात. चार हजारांचे साडेपाच हजार झाले.

मालकासाठी दीड हजाराची बचत किरकोळ असेल. खंडकऱ्यासाठी ती एक तृतीयांशाहून जास्त वाढ आहे. म्हणजे चांगल्या सल्ल्याची किंमत खंडकऱ्याला सर्वांत जास्त, आणि सल्ल्याच्या यादीत त्याचं नाव सर्वांत शेवटी, कारण याद्या खातेदारांच्या असतात. या सेवेतली ही गाठ आपण ओळखली पाहिजे. गंमत म्हणजे सल्ला मिळायला सातबारा लागत नाही. अनुदानाला लागतो. शेतीशाळेला, शिवारफेरीला, कृषी विज्ञान केंद्राच्या चर्चेला कोणीही जाऊ शकतं. पण ‘आपलं नाव नाही तर आपण कशाला जायचं’ असं म्हणून माणसं जात नाहीत.

मातीचंही तसंच आहे. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून आहे. पण एका वर्षासाठी घेतलेल्या जमिनीत माती परीक्षण कोण करणार, शेणखत कोण टाकणार? शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं राहतो आणि जमीन तर पुढच्या पाडव्याला दुसऱ्याकडे जायची असते. म्हणून कसणारा युरियावर भागवतो. दहा वर्षं अशी गेली की नुकसान मालकाच्या जमिनीचंच. मालकाने तीन वर्षांचा शब्द दिला तर त्याचाही फायदा आहे, हे शहरातल्या जमीनमालक पालकांनी जरूर लक्षात घ्यावं.

७. दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत कृषी विस्तार सेवा १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने उभी राहिली. तिथल्या आयोवा राज्यात विद्यापीठाची विस्तार सेवा दरवर्षी शेतजमिनीच्या भाड्याचं सर्वेक्षण करते आणि तालुक्यासारख्या प्रत्येक विभागाचे आकडे छापते. जमीन उत्तम, मध्यम, हलकी असे भाग पाडून भाव दिले जातात. जमीन सोडवून घ्यायची तर १ सप्टेंबरपर्यंत लेखी सूचना द्यायची, असाही तिथे नियम आहे. पुढचा हंगाम आपला आहे की नाही, हे कसणाऱ्याला वेळेत कळतं.

तिथली शेती आणि आपली शेती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे : भाव उघडा असला की दोन्ही बाजू शहाणपणाने बोलतात. आपल्याकडे सोयाबीनचा बाजारभाव रोज मोबाइलवर येतो, खंडाचा भाव मात्र पारावरच्या गप्पांत. कोणीतरी ‘शेजारच्या गावात अठरा हजाराने गेली’ म्हणतं आणि भाव चढतो. ती जमीन बागायती होती, हे कोणी सांगत नाही.

८. हमीभावात खंड धरतात का?

बातम्यांत ‘ए-२ अधिक एफएल’ आणि ‘सी-२’ असे शब्द येतात. ते इथेच समजून घेऊ. ए-२ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घेतलेल्या जमिनीचा दिलेला खंड येतो. एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. सी-२ मध्ये याशिवाय स्वतःच्या जमिनीचं मानलेलं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरतात. केंद्र सरकार हमीभाव ए-२ अधिक एफएलच्या दीडपट धरून जाहीर करतं. स्वामिनाथन आयोगाच्या नावाने शेतकरी संघटना जी मागणी करतात ती सी-२ च्या दीडपटीची.

आता मेख अशी की ए-२ हा सगळ्या शेतकऱ्यांचा सरासरी खर्च असतो. त्यात बहुसंख्य स्वतःची जमीन कसणारे. त्यामुळे सरासरीत दिलेला खंड अगदी थोडा दिसतो. एकरी दहा हजार मोजणाऱ्याचा खरा खर्च त्या सरासरीत विरघळून जातो. सरासरी काय दाखवते आणि काय लपवते, हे नववी-दहावीच्या मुलांना शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

९. सौदा करताना बोलून घ्यायच्या गोष्टी

खंड तोंडी असला तरी मोघम असू नये. पुढचे प्रश्न दोघांनी पाडव्याआधीच बोलून घ्यावेत.

– पेरणीचं खरं क्षेत्र किती? पोटखराबा वजा केला का?
– खंड किती आणि कोणत्या तारखांना?
– किती वर्षांसाठी? सोडायची असेल तर किती आधी सांगायचं?
– वीजबिल, विहिरीची दुरुस्ती, बांध कोणाकडे?
– ई-पीक पाहणी कोण करणार? विमा कोण काढणार, हप्ता कोण भरणार?
– भरपाई आली तर वाटणी कशी?
– पूर्ण पीक गेलं तर खंडात सूट किती?
– कडबा, भुसा, बांधावरची झाडं कोणाची?

नोंदणीकृत करार करायचा असेल तर आधी तहसील कार्यालयात किंवा जाणकार वकिलाकडे विचारून घ्यावं. दोन्ही बाजूंचं नुकसान होणार नाही असा मजकूर असायला हवा.

१०. वर्गासाठी उपक्रम

पाचवी-सहावी : १०० सोयाबीन दाण्यांची उगवण चाचणी. टक्केवारी, तक्ता आणि घरी नेता येईल असा उपयोगी निकाल, तिन्ही एकदम मिळतात.

सातवी-आठवी : नमुना सातबारा वाचन. हेक्टर-आरचे एकर-गुंठे करणं, पोटखराबा वजा करणं. शाळेच्या बागेतून मातीचा नमुना काढणं : इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा, १५ ते २० सेंटिमीटर खोल, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून चार भाग पाडत शेवटी अर्धा किलो ठेवणं.

नववी-दहावी : वरचा एक एकराचा हिशोब आपल्या भागातल्या पिकासाठी करणं. खंड किती असेल तर तोटा सुरू होतो, तो आकडा समीकरणाने काढणं. आमच्या उदाहरणात बऱ्या वर्षी तो १४,००० येतो आणि तीन वर्षांच्या सरासरीने साधारण १२,५६७.

कृषी सहायकांना वर्षातून एकदा शाळेत बोलवा. १ जुलै, वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन, त्यासाठी चांगला आहे. त्या दिवशी पालकांनाही बोलवा, विशेषतः ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना.

एक काळजी मात्र घ्यावी. ‘तुमच्याकडे जमीन किती?’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. मुलं एकमेकांना त्यावरून तोलतात. आकडे नेहमी मानलेल्या शेताचे घ्यावेत. ज्या घरात दुसऱ्याचं शेत कसलं जातं, त्या घरातल्या मुलाला हा हिशोब आपोआप लागू करता येतो. आणि त्या मुलाने संध्याकाळी वडिलांना विचारलं, ‘बाबा, पोटखराबा वजा केला का?’ तर पुढच्या पाडव्याला सौदा करताना ते सातबारा हातात घेऊन बसतील.